अमिनाबीचा अंगठा

माझं लग्न १९५९ च्या माघात कळंबला झालं. माझा चुडा अमिनाबीच भरणार, हे घरात कुणाला ठरवावं लागलं नव्हतं. ती आमच्या गावातली जुनी मन्यारीण. पन्नाशी उलटलेली, अंगानं किरकोळ, डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन घरोघरी फिरायची. हात हातात घेऊन सांध्यावर दोन बोटांनी दाबलं, की कोणत्या मापाची बांगडी लागेल ते तिला कळायचं. तिच्यापुढं बसलेली बाई कळवळली, असं मी कधी पाहिलं नाही.

लग्नाला पंधरा दिवस होते. माझ्याच चुड्याचा माल आणायला ती यवतमाळला गेली. सर्दीनं डोकं जड, अंगात बारीक ताप. घरच्यांनी नको म्हटलं तरी गेली. परतल्यावर मोटारीतून उतरताना नेमकी शिंक आली आणि तिचा तोल गेला. बांगड्यांची पेटी खाली आणि ती पेटीवर. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी काच खोल शिरली. दवाखान्यात सात टाके पडले. जखम भरेल, पण अंगठा किती वळेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

आई आणि मी भेटायला गेलो. अमिनाबी खाटेवर बसून ओव्याची पुरचुंडी हुंगत होती. पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवलेला, आवाज पार बसलेला.

"वहिनी, माल फुटला. पन दुसरा मांगवला हाये," ती म्हणाली.

"मालाचं राहू द्या. आधी तुम्ही बऱ्या व्हा," आई म्हणाली.

आठव्या दिवशी टाके निघाले. त्याच दिवसापासून ती सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात फडकं बुडवून उजव्या हातानं पिळू लागली. तिची सून अकीला आम्हाला सांगायची, "डोळ्यांतून पानी येते, अन् म्हन्ते सर्दीचं हाये."

अंगठा निम्माच वळू लागला. मग तिनं डाव्या हातानं अकीलाला बांगड्या भरून पाहिल्या. दोन नीट चढल्या. तिसरीच्या वेळी शिंक आली, बांगडी फुटली आणि अकीलाच्या मनगटावर ओरखडा उठला. अमिनाबीनं टोपली झाकली. दुपारी नाकाला पदर लावून ती आमच्या ओट्यापाशी येऊन उभी राहिली.

"वहिनी, मी चुडा नाही भरत. अंगठ्याचं निभावून नेलं असतं. पन ही शिंक इचारून येत नाही. नवरीच्या हातात काच घुसली तं काय करू?"

"मग दुसऱ्या कुणाला सांगू का?"

"कायले? अकीला भरन. मी बाजूले बसतो."

अकीलानं तोवर एकाही नवरीचा चुडा भरला नव्हता. पुढचे दोन दिवस अमिनाबीनं शेजारच्या बायका गोळा करून त्यांच्या हातांवर सुनेची तयारी करून घेतली.

चुड्याच्या दिवशी अकीला माझ्यासमोर बसली. अमिनाबी खिडकीशी, चार हात लांब. तीन बांगड्या गेल्या, चौथी अंगठ्याच्या हाडाशी अडली. अकीलाचे हात थांबले.

"लोटू नको," खिडकीजवळून अमिनाबीचा घोगरा आवाज आला. "अंगठा तळव्यात दाब. आता बांगडी फिरव, हळू. कुंदा, बेटा, हात ढिला सोड. इकडं माह्याकडं पाह्य."

मी तिच्याकडं पाहिलं. बांगडी मनगटावर केव्हा आली ते मला कळलं नाही.

मधे दोनदा ती घाईनं उठून अंगणात गेली, शिंकली आणि परत आपल्या जागी येऊन बसली. तिची नजर अकीलाच्या बोटांवरून हलली नाही. दोन्ही हात भरले, एकही बांगडी वाढली नाही की तडकली नाही. शेवटी लांबूनच तिनं माझी दृष्ट काढली.

सर्दी होळीपर्यंत गेली, अंगठा मात्र पुरता कधीच वळला नाही. अमिनाबी डाव्या हातानं बांगड्या भरायला शिकली. पहिल्यापेक्षा दुप्पट वेळ लागायचा, आणि बायका बसून राहायच्या.

पुढं एकदा माहेरी आले असताना मी तिला विचारलं, "अमिनाबी, माझा चुडा सुनेनं भरला, तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं तं," ती म्हणाली. "दोन दिवस अकीलासंग बोलली नाही मी. मंग तिसऱ्या दिवशी तिले तिची येगळी टोपली घेऊन देली."