चलनातल्या तीन चुका

चलनाचा मेसेज माझ्या फोनवर आला. स्कूटर बाबांच्या नावावर, पण नोंदणीला नंबर माझा दिलेला. काशीमीऱ्याचा लाल सिग्नल तोडल्याबद्दल दंड, आणि दिवस मागच्या आठवड्यातला.

मी प्रिंट काढून बाबांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा पुसला, कागद खिडकीपाशी नेला आणि पुन्हा पुन्हा वाचला. मग पेन मागितलं.

"तीन चुका आहेत," ते म्हणाले. "नावात एक अक्षर जास्त. गाडीचा प्रकार मोटारसायकल. आणि वर लिहिलंय काशीमीरा, खाली ठिकाण वरसावे. हा कागद टिकत नाही."

बाबांनी बत्तीस वर्षं एका शाळेच्या ऑफिसात कारकुनी केली होती. जन्मतारखेतला एक आकडा चुकला म्हणून दाखला तालुक्याहून परत आलेला त्यांनी पाहिला होता. चुकीचा कागद म्हणजे नसलेला कागद, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. आई गेल्यापासून ते इतके उत्साहात मी पाहिले नव्हते. शांती नगरातल्या आमच्या छोट्या घरात जेवणाच्या टेबलावर अर्जाचे कच्चे मसुदे पसरले. 'वरील विषयास अनुसरून' इथपासून सुरुवात. मी ऑनलाइन तक्रार टाकली, ती चार दिवसांत नामंजूर झाली. कारण दिलं नव्हतं.

"दंड भरून टाकूया ना बाबा," मी म्हणाले.

"मी त्या दिवशी काशीमीऱ्याला गेलोच नव्हतो. न केलेल्या गोष्टीचा दंड का भरायचा?"

तोपर्यंत ते फक्त चुकांबद्दल बोलत होते. गेलोच नव्हतो, हे त्यांनी पहिल्यांदा म्हटलं. मला वाटलं, चुकीची गाडी पकडली असेल. खरं तर मला तसं वाटून घ्यायचं होतं.

मी अर्धी सुट्टी टाकली आणि आम्ही रिक्षाने ट्रॅफिकच्या चौकीत गेलो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. टेबलामागे एक हवालदार बसले होते, माझ्याच वयाचे. बाहेर कंटेनरची रांग लागली होती आणि हॉर्नमुळे सगळ्यांनाच मोठ्याने बोलावं लागत होतं.

बाबांनी एकेक चूक बोट ठेवून दाखवली. हवालदारांनी मधे न तोडता ऐकलं, हे मी विसरणार नाही.

"काका, नंबर बघा. बरोबर आहे ना?"

"नंबर बरोबर आहे."

"मग गाडी तुमचीच. नाव, प्रकार, ठिकाण, या लिहिण्यातल्या चुका. मशीनमध्ये माहिती भरताना होतात. आम्ही दुरुस्तीला पाठवतो. पण त्यामुळे चलन रद्द होत नाही. नंबरच दुसऱ्याचा असता, फोटोत गाडी वेगळी असती, तर गोष्ट वेगळी. तरी पटत नसेल तर कोर्टात जायचा हक्क आहे तुम्हाला."

"पण मी तिथे नव्हतोच," बाबा म्हणाले.

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्क्रीन आमच्याकडे वळवली आणि फोटो मोठा केला.

आमचीच पांढरी स्कूटर होती. वर बाबा, हेल्मेट नीट बांधलेलं, पायात घरातल्या स्लिपर. हँडलला कापडी पिशवी, तिच्यातून कोथिंबिरीची जुडी बाहेर आलेली. तोंड हायवेच्या दिशेने, घोडबंदरकडे, म्हणजे घराच्या उलट.

मला तो दिवस आठवला. सकाळी मी त्यांना कोथिंबीर आणायला पाठवलं होतं. भाजीवाला आमच्या बिल्डिंगपासून पाच मिनिटांवर बसतो. ते दोन तासांनी आले. घामाने भिजलेले. म्हणाले, गर्दी होती. कोथिंबीर सुकून गेली होती, आणि मी त्यावरून त्यांना बोलले होते.

बाबा स्क्रीनच्या अगदी जवळ वाकले.

"मीच आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "कुठे चाललो होतो ग मी?"

हवालदारांनी उठून त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, पाणी मागवलं. बाबा खुर्चीवर बसून फोल्डरचं बटण लावत राहिले. ते लागत नव्हतं. शेवटी मी लावलं.

मी तिथेच फोनवरून दंड भरला. हवालदार हळू आवाजात म्हणाले, "ताई, दंडाचं सोडा. त्यांना गाडी देऊ नका आता."

परतताना रिक्षात बाबा म्हणाले, "मला माहीत होतं, काहीतरी चुकतंय." फोल्डर मांडीवर सरळ करत पुढे म्हणाले, "कागदात चूक निघाली तेव्हा बरं वाटलं मला."

हे मला आधी दिसायला हवं होतं. गॅस दोनदा चालू राहिला होता. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं होतं, "अंकल कल गलत फ्लोअर पे आ गये थे," आणि मी हसले होते. त्याच आठवड्यात मी बाबांना डॉक्टरांकडे नेलं. हे विसरणं कधीपासून होतंय, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी गॅसपासून सांगायला सुरुवात केली.

स्कूटर आम्ही विकली. गाडी घेऊन जाणारा आला तेव्हा बाबांनी कागदपत्रं स्वतः काढून दिली, सही केली आणि आत जाऊन पडून राहिले. संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

आता भाजीला आम्ही दोघं चालत जातो, मी ऑफिसला निघायच्या आधी. रस्ता ओलांडताना मी त्यांचं मनगट धरते. सुरुवातीला ते चिडून हात सोडवून घ्यायचे. "मी लहान आहे का?" हल्ली चिडत नाहीत. फुटपाथच्या कडेशी येऊन थांबतात, आणि समोर बघत हात माझ्याकडे पुढे करतात.