खांबांची वही

वडिलांचा पाय मी सोबत चालून बरा केला, असं आमच्या घरात आजही सांगतात. मी त्यांच्यासोबत एक दिवसही चाललो नाही. हे आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही जळगावला राहत होतो. वडिलांना सगळे नाना म्हणत. रस्त्यावरचे विजेचे चार खांब चालले की त्यांची उजवी पोटरी आवळून यायची, उभे राहिले की सुटायची. डॉक्टर म्हणाले, पायाकडे जाणारी रक्तवाहिनी अरुंद झालीय. विडी बंद. आणि रोज चालायचं. कळ आली तरी थोडं पुढे जायचं, फार झाली की थांबायचं, गेली की पुन्हा चालायचं. तीन महिन्यांत फरक नाही पडला तर मुंबईला ऑपरेशन.

बाहेर येताच नाना म्हणाले, "पाय दुखस म्हनीसन उनू, तं हाऊ म्हनस आखो दुखाड!" दुखतो म्हणून आलो, तर हा म्हणतो अजून दुखव. हसले खरे, पण ऑपरेशन म्हणजे पाय कापणं, एवढंच त्यांना माहीत होतं. त्या रात्री ते जेवले नाहीत.

सोबत चालायचं आणि विजेचे किती खांब झाले ते वहीत लिहायचं, हे काम माझ्याकडे आलं. रोज संध्याकाळी स्कूटरवरून मी त्यांना सराफ बाजाराच्या तोंडाशी सोडायचो. "नाना, तुम्ही निघा, मी गाडी लावून आलोच." आणि जायचो मित्राकडे कॅरम खेळायला. ऑफिसातली माणसं त्याच बाजारात फिरायची. दर चार खांबांवर पोटरी धरून उभा राहणारा बाप आणि शेजारी मी, याची मला लाज वाटायची. दुसरं कारण नाही.

तासाभरानं परत यायचो तेव्हा नाना कोपऱ्यावरच्या पिंजाऱ्याच्या ओट्यावर बसलेले असायचे. किती खांब झाले, हेही मी विचारत नसे. घरी येऊन मनानंच लिहायचो. चार, पाच, पाच, सहा. वळणदार अक्षरात.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी वही पाहिली. शेवटी पंधरा खांब लिहिले होते. "वा! चला नाना, दाखवा."

दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात नाना चालू लागले. मला खात्री होती, दोन फेऱ्यांत हे पोटरी धरणार, माझी वही खोटी ठरणार, आणि यांना मुंबईला न्यावं लागणार.

नाना चालत राहिले. मी फेऱ्या मोजायचं विसरलो. कितीतरी वेळानं ते एकदाच थांबले. भिंतीवर लसीकरणाचं पोस्टर होतं. हात मागे बांधून त्यांनी ते नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "पाटल्या चांगल्या शेतस, पन घडाई जाडी शे."

"कसल्या पाटल्या?" डॉक्टर गोंधळले.

"सवय शे साहेब," म्हणत नाना पुढे निघालेसुद्धा.

डॉक्टर खूश. "वहीत लिहिलंय त्यापेक्षाही जास्त चालले की! ऑपरेशनचं नाव नको आता." मग माझ्याकडे वळून, "शाबास. रोज सोबत होतात?"

मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, "एक दिन बी चुकना नही पोऱ्या."

फाटकाबाहेर तो पिंजारी उभा होता. दाढीत कापूस अडकलेला. सगळे त्याला मामू म्हणत.

"क्या नाना, पाय ठेवला का कापला?"

"ठेवा!" ठेवला, नाना म्हणाले.

दोघं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत असे हसले की रिक्षावाले बघायला लागले. मग मामूनं मला सांगितलं. रोज तो पिंजण खाली ठेवून नानांसोबत निघायचा. "रस्त्यात नुसतं उभं राहिलं की लोक विचारतात, काय झालं बाबा? तुमच्या वालिदला शरम वाटायची. मी म्हटलं, सराफाच्या काचेपुढे थांबू. सोनं बघणाऱ्याला कोण विचारतं!"

कळ जाईपर्यंत दोघं पाटल्यांची चिकित्सा करायचे. दुकानातली माणसं पाणी आणून द्यायची, "लग्न कधीचं?" म्हणून विचारायची. मामू सांगायचा, "पहले लडका तो पसंद आने दो!" दोघांच्याही पोरी केव्हाच नांदायला गेलेल्या.

स्कूटरवर मी विचारलं, "नाना, डॉक्टरला तसं का सांगितलं?"

मागून उत्तर आलं, "वहीमा तुनं अक्षर बेस शे." छान अक्षर आहे तुझं. बस्, इतकंच. पुन्हा कधी विषय काढला नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही धुळ्याला बहिणीकडे गेलो. स्टँडपासून तिच्या घरापर्यंत नाना चालत गेले, मी सामान घेऊन रिक्षानं. बहीण दारात रडली, हसली, आणि पुरणाचा पहिला मांडा माझ्या ताटात वाढला. "दादा, तुझ्यामुळे." मी तो खाल्ला. नाना खाली मान घालून हसत होते.

पुढे कितीतरी वर्षं ते दोघं त्या बाजारात फिरले, थांबायची गरज उरली नव्हती तरी काचेपुढे थांबत. आता दोघंही नाहीत. त्याच कोपऱ्यावर मामूचा मुलगा गाद्या विकतो. येता-जाता तो मला सलाम करतो.

तुझ्या बापानं माझ्या बापाचा पाय वाचवला, हे त्याला सांगायचं आहे. बहिणीलाही सांगायचं आहे. दोघांनाही अजून सांगितलेलं नाही.