पाचवा काळा दाणा

आमच्या मठात एखादीला कायमचं ठेवून घ्यायचं की नाही, हे कडधान्यावर ठरतं. ऐकणाऱ्याला हसू येतं, पहिल्यांदा मलाही आलं होतं. कायमची व्रतं घेतलेल्या आम्ही नऊ सिस्टर्स सभेच्या खोलीत जमतो. प्रत्येकीला एक पांढरा पावटा आणि एक काळा घेवडा मिळतो. झाकणाला भोक पाडलेल्या लाकडी पेटीत मूठ घालायची आणि दोन्हींतला एक दाणा सोडायचा. पांढरा म्हणजे राहू दे, काळा म्हणजे घरी पाठवा. उरलेला दाणा दुसऱ्या पेटीत जातो. कुणी काय टाकलं हे कुणाला कळत नाही, आणि नंतर ते विचारायचंही नसतं.

आम्ही बेनेडिक्टाईन पंथाच्या ख्रिस्ती संन्यासिनी. दिवसातून पाच वेळा घंटा होते. हातातलं काम तिथंच टाकून चॅपलमध्ये जायचं आणि समोरासमोर दोन रांगांत उभं राहून स्तोत्रं म्हणायची. दोन घंटांच्या मधल्या वेळात काम. सोलापुरात आमचं काम म्हणजे ज्यांना मागेपुढे कुणी नाही अशा म्हाताऱ्या बायकांचं घर. बहुतेक जणी जन्मभर विड्या वळलेल्या, आपसात तेलुगू बोलणाऱ्या. दोघी-तिघी मैंदर्गीकडच्या, त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. हे घर वीस वर्षं मी सांभाळते. स्वभावाची मी कडक आहे. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्या दिवशी तर माझ्या वाटेला कुणी जात नाही.

जिच्याविषयी सांगतेय ती मुलगी आमच्यातली सगळ्यात धाकटी. शहरातल्याच विणकर घरातली, तेलुगू तिच्या घरची भाषा. तिच्या तात्पुरत्या व्रतांची मुदत संपत आली होती. आता कायमची व्रतं, नाहीतर घर. तिला राहायचं होतं. याशिवाय तिला आयुष्यात दुसरं काही नको होतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, कारण शेवटची तीन वर्षं ती माझ्याच हाताखाली होती.

कामाला ती वाघ होती. माझी तक्रार होती ती वेगळीच, आणि ती मी स्वतःशीसुद्धा धड कबूल करत नव्हते. मी वीस वर्षं या बायकांची अंथरुणं धुतली, नखं कापली, गोळ्या भरवल्या. पण त्यांची भाषा काही मला आली नाही. चार शब्द येतात: पाणी, जेवण, दुखतंय का, झोपा. ही आली आणि बायका बोलायलाच लागल्या. पोटातलं सगळं तिला सांगायच्या. मी आत शिरले की गप्प व्हायच्या, शाळेत मुख्याध्यापिका आल्यावर वर्ग होतो तशा. मैंदर्गीची आजी तर एकदा मला केस विंचरू देताना म्हणाली, "तुमी बी चांगल्याच हाय की. पर ती पोरगी आली की लई बरं वाटतंय." मी हसून सोडून दिलं, आणि दिवसभर कुणाशी धड बोलले नाही.

मग तो उन्हाळा आला. विड्या वळणारी एक आजी तीन दिवस जाऊ की राहू करत होती. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली. पोरगी तिच्या खाटेवर बसली होती. मी दारातून म्हटलं, चल. तिनं मान न वळवता हातानंच मला थांबायला सांगितलं. मी थांबले नाही. चॅपलमध्ये समोरच्या रांगेत तिची जागा मोकळी होती आणि मी त्या मोकळ्या जागेकडे बघत सगळी स्तोत्रं म्हटली. त्यातला एकही शब्द माझ्या मनाला लागला नाही. परत आले तर आजी गेलेली होती, पोरीच्या मांडीवर डोकं ठेवून.

आमच्या नियमात लिहिलंय की प्रार्थनेच्या आड काहीही येऊ देऊ नये. त्याच नियमात असंही लिहिलंय की आजाऱ्यांची काळजी सगळ्यांत आधी. दोन्ही मला तोंडपाठ आहेत. मी सोयीचं ते धरलं. प्रार्थना चुकवणाऱ्या सिस्टरला काही दिवस रांगेबाहेर, मागं वेगळं उभं राहावं लागतं. मी मठाच्या प्रमुख मदरना सांगितलं आणि ती उभी राहिली. एका शब्दानं कुरकुर केली नाही. वीस वर्षांत माझ्या मांडीवर कुणी प्राण सोडला नव्हता, कारण मी कायम वेळेवर चॅपलमध्ये असायची. मला मत्सर वाटत होता. त्याला दुसरं नाव नाही.

मी तिला तोंडावर पुष्कळ बोलायची. उशीर झाला, चादरींच्या घड्या नीट केल्या नाहीत, फोन वाजला. ते सगळं तिनं ऐकून घेतलं. पण भाजी निवडताना इतर सिस्टर्सपाशी मी जे पेरत होते ते तिच्या कानावर कधी गेलं नाही. पोरगी चांगली आहे, पण तिला घंटा ऐकू येत नाही, असं मी म्हणायची. वर्षभर म्हणत राहिले.

सभा सकाळी झाली. आमच्याकडे आधी वयानं लहान असेल तिनं बोलायचं आणि मोठ्यांनी ऐकायचं अशी रीत आहे. मतदान करणाऱ्यांतली सगळ्यात लहान सिस्टर केरळची. ती मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, की हिच्याकडे बघून मला प्रार्थना करावीशी वाटते. माझी पाळी आली तेव्हा मी तोलूनमापून बोलले. कष्टाळू आहे, प्रेमळ आहे, शिस्त येईल हळूहळू, असं. ऐकणारीला वाटावं, ही पांढराच टाकणार. मग पेटी फिरली. आत हात घालताना दोन्ही दाणे माझ्या मुठीत होते आणि खरं सांगते, तोवर माझं ठरलेलं नव्हतं. बोटांनी चाचपून मी काळा सोडला.

मदरनी पेटी टेबलावर उपडी केली. चार पांढरे, पाच काळे. निम्म्याहून जास्त पांढरे लागतात. माझा पांढरा असता तर पाच झाले असते. बाकीचे चार काळे कुणाचे होते मला माहीत नाही, पण त्यांच्यातही माझी भाजी निवडतानाची कुजबूज मुरलेली असणार.  मदरनी दाणे गोळा करून डब्यात भरले.

तिला आकडा सांगत नाहीत, नुसता निकाल सांगतात. तिनं तो उभ्यानं ऐकला, मान लववली, आणि दुपारी म्हाताऱ्यांना जेवायला वाढलं.

मठात आलेल्या मुलीचे घरचे कपडे आम्ही जपून ठेवतो. परत जायची वेळ आली तर अंगावर घालायला असावेत म्हणून. कपाटाची किल्ली माझ्याकडे. तिचा हिरवा पंजाबी ड्रेस मी बाहेर काढला, दोनदा झटकला, इस्त्री केली. तो तिला दंडात घट्ट व्हायला लागला होता. शिवण उसवून द्यायला ती माझ्यापुढे पाठ करून उभी राहिली. मी टाका टाका उसवत होते आणि डोळ्यांपुढे नीट दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ रिक्षा घेऊन आला. ती सगळ्या म्हाताऱ्यांना भेटली, सगळ्या सिस्टर्सना भेटली. माझ्याकडे शेवटी आली. फाटकापाशी आम्ही दोघीच होतो.

"सिस्टर, बाकी कुणाचं माहीत नाही," ती म्हणाली, "पण तुमचा पांढरा होता. तुम्ही मला तोंडावर एवढं बोलायच्या. असं माणूस मागून काळा टाकत नाही."

विचारायचं नसतं, सांगायचं नसतं, असं म्हणून मला सुटता आलं असतं. नियम त्यासाठीच आहे. पण तिनं विचारलंच नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती, नुसत्या एका होकारासाठी.

"हो," मी म्हणाले.

तेव्हा ती रडली. निकाल ऐकताना रडली नव्हती, कपडे बदलताना रडली नव्हती. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून तिनं मनसोक्त रडून घेतलं आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग डोळे पुसून ती म्हणाली, या घरात एका तरी माणसाला मी हवी होते, एवढं घेऊन जाते. ती वाकून माझ्या पाया पडली आणि मी पाय मागं घेतले नाहीत.

रिक्षा वळेपर्यंत ती हात हलवत होती. मीही हलवत होते.