घाबरट वन्सं आणि सातच्या बातम्या

आमच्या वन्संइतकं घाबरट माणूस सबंध रत्नागिरीत दुसरं नसेल, आणि गंमत म्हणजे सबंध रत्नागिरीला धीर द्यायचं काम बरीच वर्षं त्यांच्याकडेच होतं. शहरातल्या केबल वाहिनीवर त्या रोज संध्याकाळी सातच्या बातम्या सांगत. काठापदराची साडी, ठसठशीत कुंकू आणि असा शांत आवाज, की घाटात दरड कोसळल्याची बातमीसुद्धा लग्नाच्या आमंत्रणासारखी वाटावी. घरात पाल दिसली की तोच आवाज मिरकरवाड्याच्या जेटीपर्यंत जाई.

पाल सोडाच, वन्सं कुकरच्या शिट्टीला घाबरत, लिफ्टला घाबरत, दारावर अवेळी पडलेल्या थापेला घाबरत. गॅस बंद केलाय ना, हे बघायला आम्ही कितीदा तरी अर्ध्या वाटेवरून माघारी आलोय. आम्ही म्हणजे त्या आणि मी. रिक्षावाले फार जोरात नेतात, म्हणून त्यांना स्टुडिओत सोडायचं काम धाकट्या भावजयीकडे आलेलं. स्कूटरवर मागे बसून त्या माझा खांदा असा आवळत, की बातम्या संपेपर्यंत तो हात मला वर करता येत नसे. समोरून एसटी दिसली की कानाशी, "अगो, थांब गो! जाऊ दे तिला आधी!" एसटी अजून पलीकडच्या नाक्यावर असे. स्टुडिओचा जिना चढताना तोंडानं रामरक्षा. आणि कॅमेरा सुरू झाला की ही बाई कुठं जाई देव जाणे. "नमस्कार" म्हणे ती कुणी दुसरीच.

त्यांचे यजमान, आमचे भावोजी, एका ट्रॉलरवर तांडेल होते. सगळी बोट त्यांच्या हुकमात, आणि ते समुद्रावर असले की वन्संचं धाबं दणाणलेलं. वारा जरा फिरला की त्या जेवण टाकून उठत.

एका वर्षी मासेमारीचा हंगाम संपता संपता वादळाचा इशारा आला. त्या दिवशी वन्सं दुपारपासून कॅमेऱ्यासमोर होत्या. बाहेर माड पार वाकत होते, स्टुडिओच्या काचा थडथडत होत्या. एकेक बोट बंदरात येई आणि वन्सं तिचं नाव सांगत. मी कॅमेऱ्यामागं उभी राहून एकच नाव ऐकायची वाट बघत होते. जाहिराती लागल्या तेव्हा वाहिनीचे मालक आत आले. जेटीवरून फोन होता.

"ताई, एकच बोट राहिलीय. तुमच्या यजमानांची," ते म्हणाले. "तुम्ही उठा. मी सांगतो बातमी."

वन्संचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. "नको," त्या म्हणाल्या. "मी उठले, तर बाकीच्या खलाशांच्या बायका काय समजतील?"

कॅमेरा सुरू झाला. "एक ट्रॉलर अजून परतलेला नाही. बोटीशी संपर्क नाही. मात्र शेवटचं कळलं तेव्हा ती जयगडच्या बाजूला होती आणि आसऱ्याला खाडी जवळ आहे. घरच्यांनी घाबरू नये, किनाऱ्यावर धावू नये." आवाज नेहमीचाच. टेबलाखाली मात्र दोन्ही गुडघे असे आपटत होते, की पायातली चप्पल निसटून माझ्यापर्यंत आली.

भावोजी दुसऱ्या दिवशी जयगडहून टेम्पोत बसून घरी आले. त्यांना बघताच वन्संनी जे भोकाड पसरलं, ते ऐकून शेजारीपाजारी नको ती शंका घेऊन धावत आले. "अगो, आलो ना मी! आता रडतेस कशाला?" भावोजी बिचारे दारातच उभे.

नंतर मी विचारलं, "वन्सं, त्या दिवशी भीती नाही वाटली?"

"वाटली गो. पण तिथं समोर सगळा गाव बसलेला असतो. घरी मी एकटी, आणि हे समुद्रावर. भीती सांगायची कुणाला?"

ती वाहिनी आता बंद झाली. भावोजींनीही समुद्र सोडलाय. वादळाचा इशारा हल्ली ज्याच्या त्याच्या मोबाइलवर येतो, तरी मिरकरवाड्यातल्या बायका वन्संना फोन करतात. "ताई, वाचलंय आम्ही. पण तुम्ही सांगा एकदा." मग वन्सं पदर सारखा करतात आणि सांगतात, सावकाश, त्याच आवाजात. फोन ठेवला की भावोजी त्यांचा हात आपल्या हातात घेतात, आणि बाहेर वारा पडेपर्यंत दोघं तशीच बसून राहतात.