ब्रश धुणारीवर आलेला आळ

माझ्यावर कोणाचा विश्वासच बसला नाही. मी पहिल्या दिवसापासून सांगत होते की ब्रशला मी पाणी अन् साबण सोडून काही लावत नाही. क्लासमधल्या सरिताला सांगितलं, शोभाला सांगितलं, खुद्द शिकवणाऱ्या मॅडमला सांगितलं. सगळ्या मान हलवायच्या अन् मनात म्हणायच्या, चौथी शिकलेली बाई, भांड्यासारखे घासत असेल!

आता सगळं निवळलं तर त्याच बायका म्हणतात, "निर्मलाताई, तो किस्सा सांगा ना वो." म्हणजे आधी आरोपी मी, अन् नंतर करमणूकही मीच करायची. पण चित्रांच्या क्लासचं असंच असतं. चित्रं थोडी होतात, किस्से जास्त साचतात. ब्रश धुवायच्या डब्यातल्या पाण्यासारखे. सगळे रंग आत असतात, अन् वरून पाहिलं तर नुसता गाळ.

*

आमच्या सानगडीत कुसुम मॅडम राहतात. शाळेत ड्रॉइंग शिकवून रिटायर झाल्या. दर रविवारी सकाळी घरच्या ओसरीत बायकांना वॉटर कलर शिकवतात. मी शाळेत पोरांची खिचडी शिजवते. त्यांच्या घरावरून जाताना उभी राहून पाहायची. एक दिवस त्यांनीच आत बोलावलं. मी सरळ सांगितलं, फी झेपणार नाही. त्या म्हणाल्या, फी नको, क्लास सुटला की सगळ्यांचे ब्रश धुऊन ठेवत जा.

मला सौदा पटला. तेव्हापासून ब्रश म्हणजे माझी क्लासमधली जागा. ब्रश हातचे गेले की जागा गेली.

धुवायची रीत मॅडमनीच शिकवली. थंड पाणी घ्यायचं, तळहातावर साबण घ्यायचा, त्यावर ब्रश गोल गोल फिरवायचा, फेस पांढरा येईपर्यंत. मग बोटांनी टोक जुळवायचं अन् टॉवेलवर आडवा ठेवायचा. "लेकराला आंघोळ घालून निजवतो ना, तसं," त्या म्हणाल्या.

म्हटलं, "मॅडम, तुमची लेकरं इतकी चुपचाप निजत होती काय?"

*

एकदा मी सिहोऱ्याला भाचीच्या लग्नाला गेले. ब्रश सरिताकडे सोपवले. सरिताचा नवरा बँकेत आहे, लेकरू तान्हं आहे. तिला जिकडेतिकडे जंतू दिसतात. तिनं सगळे ब्रश कुकरमध्ये घातले अन् शिट्टी दिली!

मी परत आले तर ओसरीत कुकर ठेवलेला. दांडे एका बाजूला, केस एका बाजूला, अन् पाणी हिरवंगार. गरम पाण्यानं आतला गोंद सुटतो, हे तिच्या गावीच नव्हतं. ती आपली सांगून राहिली होती, "एकच शिट्टी दिली मॅडम, बाळाची बाटली मी अशीच उकळते."

मॅडमनी कुकरात वाकून पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "सरिता, यात मीठ घातलंस का?"

*

नवे ब्रश आणायला मी अन् शोभा साकोलीला गेलो. शोभाचं घर विणकरांचं. तिची बोटं धाग्यावर वाढलेली. दुकानदारानं ब्रश दाखवला अन् म्हणाला, खारीच्या केसांचा आहे. शोभानं केस चिमटीत चोळले, गालावर फिरवले, अन् ब्रश परत दिला. "खार प्लास्टिकची असन."

मॅडमनी मला सांगून ठेवलं होतं की ब्रश भिजवायचा, एक झटका द्यायचा, टोक आपोआप जुळलं तर घ्यायचा. फाटलं तर तिथंच ठेवायचा. मी पाणी मागितलं. त्यानं बिचाऱ्यानं तहान लागली समजून गिलासभर आणून दिलं. मी त्यात ब्रश बुडवला अन् दिला झटका. तो समोरच उभा होता.

"बाई, घ्यायच्या आधी माल ओला करू नका," तो शर्ट पुसत म्हणाला.

"टरबूजवाला चिरून दाखवते, अन् तुले भिजवून दाखवायला काय झालं?"

मग एकेक ब्रश भिजवून पाहिला. शोभा चोळायची, मी झटकायची. दुकानदार हळूहळू मागच्या कपाटापर्यंत सरकला. पैसे घेताना विचारतो कसा, "तुम्ही दोघी लग्नाची पातळं कोणत्या दुकानातून घेता? नाही, त्या माणसाले एकदा भेटून यावं म्हणतो."

*

माझ्या डब्यात पांढरा रंग नव्हता. मी मॅडमशी भांडले. आमच्या धानाच्या बांधीत उभा असतो तो बगळा मला काढायचा होता, अन् पांढरा नाही म्हटल्यावर काय काढू? मॅडम म्हणाल्या, बगळा काढूच नको. त्याच्या भोवतीचं सगळं काढ.

मला वाटलं, म्हातारपणाचा परिणाम आहे. पण काढलं. चिखल काढला, पाणी काढलं, हिरवं धान काढलं. मधला कागद कोरा सोडला. अन् काय सांगू, तो कोरा कागद मान वर करून माझ्याकडे पाहायला लागला! त्या दिवशी मी जेवायचंही विसरले. ते चित्र आता आमच्या विहारात लावलं आहे.

लावायच्या आधी घरच्यांना दाखवलं. नवरा म्हणाला, "धान चांगलं काढलं. पण मधात रंगवायचं राहून गेलं ना."

*

त्यानंतर एक नवल सुरू झालं. मी धुऊन ठेवलेले ब्रश पुढच्या रविवारी पाहावे तर टोकं सुईसारखी. कडक, सरळ, एक केस बाहेर नाही. मॅडम सगळ्यांना म्हणाल्या, "पाहा, निर्मलाचा हात कसा बसला आहे."

मी म्हटलं, मी काही केलं नाही. तर म्हणतात, किती विनय आहे हिच्यात.

माझ्यात! आमच्या गल्लीत जाऊन विचारा. माझ्या नावानं कौतुक होऊन राहिलं होतं अन् ते माझं नाही असं मीच ओरडून सांगत होते, तरी कोणी ऐकेना.

*

अन् मग तो रविवार. ब्रशच्या डब्यात पाहिलं तर ब्रश कुरतडलेले. केसांचे नुसते खुंट, अन् खाली उंदराच्या लेंड्या. मॅडमचा स्वतःचा ब्रशही त्यातच होता. त्यांच्या गुरुजींनी दिलेला, खऱ्या केसांचा. माझ्याशिवाय कोणाला तो धुवायला देत नव्हत्या. त्यांनी तो खुंट हातात घेतला अन् खालीच बसल्या.

इतके दिवस त्या डब्यात उंदीर कधी गेला नव्हता. सरिता म्हणाली, ब्रशला काहीतरी खायचं लागलं असेल. "निर्मलाताई खिचडीच्या हातानं धुतात ना."

"रविवारी शाळा असते काय वो?" मी म्हटलं. "अन् कुकरात कोणी शिजवले होते?"

भांडण पेटलं. शोभा माझ्या बाजूनं काहीतरी बोलली, तर सरितानं तिलाही घेतलं, तुमच्याकडे सुताला खळ लावतात, त्याचेच हात असतील. शेवटी मॅडम खाली मान घालूनच म्हणाल्या, "निर्मला, पुढच्या रविवारपासून तू ब्रश धुवू नको."

म्हणजे येऊ नको. पण मी उठले नाही. म्हटलं, "मी जाणार नाही. मी केलं नाही."

रंगाची एक डबी उघडली नाही अन् क्लास सुटायची वेळ टळून गेली. एरवी या वेळी आम्ही घरी गेलेल्या असतो अन् मॅडम आत स्वयंपाकाला लागलेल्या असतात. आतून काका आले, मॅडमचे मिस्टर. काकांना पांढरा सदरा कडक लागतो. दर रविवारी ते स्वतः भाताची पेज काढून सदऱ्याला स्टार्च करतात, हे सगळ्या गावाला माहीत. हातात वाडगं होतं.

"अवो, आज ब्रश वाळत नाही ठेवले काय?" त्यांनी मॅडमला विचारलं. "पेज थंडी होऊन राहिली."

सगळ्यांच्या नजरा त्या वाडग्यावर गेल्या. काकांना वाटलं, आम्हाला समजलं नाही. मोठ्या हौसेनं सांगायला लागले की उरलेल्या पेजेत ते दर रविवारी ब्रश बुडवतात, मग टोक कसं सदऱ्याच्या कॉलरसारखं राहते. "फिसकटलेले केस मले पाहावत नाहीत."

सरिता छताकडे पाहायला लागली. मॅडम हळूच म्हणाल्या, "जाऊ दे निर्मला. पुढच्या रविवारी ये. ब्रश तूच धू."

"असं नाही," मी म्हटलं. "मले नाव घेऊन बंद केलं, सगळ्यांसमोर. आता ज्यानं केलं त्याचंही नाव घ्या. सगळ्यांसमोर."

शोभानं माझा पदर ओढला. "अवो ताई, नवरा होय तो त्यायचा." दारावरच्या पाटीवर काकांचं नाव आहे, आम्ही येताजाता वाचतो. पण मॅडमच्या तोंडून ते कोणी कधी ऐकलं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, 'अहो' अन् 'आमचे हे' याच्या पुढे त्या गेल्या नाहीत. शाळेत पगाराच्या वेळी कोणी नवऱ्याचं नाव विचारलं तरी लिहून द्यायच्या.

मॅडमनी हातातल्या खुंटाकडे पाहिलं. मग काकांच्या वाडग्याकडे पाहिलं. उठल्या, पदर खोचला, अन् शेजारच्या घरात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"मधुकर!"