नणंदेच्या पुढच्या दारावरची थाप

टॅरावीत पुढच्या दाराला कुणी हात लावत नाही. घर बांधताना पुढचं दार ठेवायचं, त्याला पितळी कडी लावायची, ती अधूनमधून घासून चकचकीत करायची आणि जन्मभर मागच्या दारानं ये-जा करायची, ही गावची रीत. मागच्या दाराशी मातीचे बूट, कुत्र्याचं भांडं आणि जाळीतून आत टाकलेली हाक: "आहेस का गं?" उत्तराची वाट न बघता माणूस स्वयंपाकघरात, आणि किटली आपसूक गॅसवर. पुढचं दार वाजलं की समजावं, पोलीस आलाय नाहीतर पाद्री. म्हणजे घरात कुणीतरी गेलं. मागे एक मतं मागणारा शहरी उमेदवार रस्त्यानं पुढची दारं वाजवत गेला, तर बेकरीवालीनं भीतीनं दुकानच बंद केलं.

नोला प्रिडमनं तर पुढच्या दाराला आतून सोफाच लावून ठेवला होता. "मी गेल्यावर सरकवा," असं तिनं सांगून ठेवलेलं.

नोलाचं वय एक्क्याऐंशी. तरुणपणी ती गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडायची. यंत्र आलं, तिची खुर्ची गेली, पण कान तिथेच राहिला. गावात कोण कसं खाकरतं, कोण कशी वाक्यं अर्धी सोडतं, सगळं तिच्या जिभेवर. नगरपालिकेची बाई येऊन गेली की नोला पाठ ताठ करायची, हनुवटी उचलायची आणि नाकातून सुरू व्हायची, "आपल्या ज्येष्ठांच्या निवासविषयक गरजांचा आपण सर्वंकष विचार करतो आहोत." मग आपल्या आवाजात, "म्हणजे आणखी एक मीटिंग. बिस्किटं आपण न्यायची."

विचार करण्यासारखं होतं मात्र खरं. शाळेत पोरं हाताच्या बोटांवर मोजावीत, आणि क्रिकेटच्या संघातली सगळी मंडळी पांढरी टोपी घालून हळूहळू चेंडू घरंगळवायच्या लॉन-बोल्सच्या हिरवळीवर सरकलेली. अग्निशमन दलात सर्वांत तरुण लहाना डेस, तो त्रेसष्ट वर्षांचा. त्याला लहाना म्हणतात, कारण त्याचा बाप, मोठा डेस, अजून आहे. गावात घरं कमी नव्हती, घरांत माणसं कमी होती. एकेका चार-पाच खोल्यांच्या लाकडी घरात एकेक म्हातारी, नाहीतर एकेक म्हातारा. त्यांनी हलायचं म्हटलं तर हलणार कुठे? लहान घर गावात कुणी बांधलंच नव्हतं. गव्हाचे कोठार-मनोरे तेवढे नवे बांधले.

नोलाच्या घरात चार खोल्या. एकेक मूल पर्थला, ब्रिस्बेनला, कुठे कुठे निघून गेलं. खोल्या मात्र त्यांच्याच नावानं राहिल्या. दर सोमवारी ती खिडक्या उघडायची, गाद्यांना वारा द्यायची, खिडक्या लावायची. नवरा कीथ जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो जाताना मागे एकच गोष्ट ठेवून गेला, असं ती म्हणायची: त्याची बहीण.

ही बहीण म्हणजे फे. एकोणऐंशीची, बिनलग्नाची, त्याच रस्त्यावर तिसऱ्या घरात, पाच खोल्या आणि एक मांजर. नोला आणि फे एका वाक्यासाठी भांडायला बसल्या की किटली दोनदा उकळायची. दहा वर्षांपासून फेला नीट ऐकू येत नव्हतं, पण ते ती कबूल करत नव्हती. "लोक हल्ली पुटपुटतात," ती म्हणायची. त्यामुळे नोलाला नणंदेच्या तोंडावर बोलण्याची सोय झाली होती आणि ती सोय ती वापरायची.

त्या उन्हाळ्यात नोलाला एकच घोर लागला होता. तिच्या पोटरीवरची जखम काही केल्या भरत नव्हती, आणि ती बांधायला गावच्या छोट्या दवाखान्यातून नर्स मॅरिविक यायची. मॅरिविक फिलिपिन्सची. जून नावाचा नवरा आणि दोन मुलींसह ती पबच्या माडीवर दोन खोल्यांत राहायची. गावाबाहेर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या आणि कामगारांनी भाड्याचं असेल नसेल ते सगळं घेतलं. आता पबवाल्यालाही त्या खोल्या त्यांनाच द्यायच्या होत्या.

"शुक्रवारनंतर आम्ही हॉर्शमला, मिस नोला," मॅरिविक पट्टी गुंडाळत म्हणाली; ती सगळ्याच बायकांना मिस म्हणायची. "तिकडे घर मिळतंय."

"आणि माझा पाय?"

"तोही हॉर्शमला."

 हॉर्शम शहरात नोलाची थोरली बहीण थेल्मा वृद्धाश्रमात होती. तिच्या खिडकीतून मोटारी लावायची जागा दिसायची, आणि थेल्मा दिवसभर मोटारी बघायची. एकदा नोला भेटायला गेली, तर थेल्मा म्हणाली, "आज पांढऱ्या जास्त आहेत." तेव्हापासून नोलानं ठरवलं होतं, मरायचं तर टॅरावीत, नावानिशी ओळखणाऱ्या माणसांसमोर. नर्स गेली की पाय जाणार हॉर्शमला, आणि पायामागून नोला.

म्हणजे मॅरिविकला घर मिळालंच पाहिजे. आपलं द्यावं, हा विचार नोलाच्या मनाला शिवलासुद्धा नाही. आपलं घर भरलेलं आहे, सोमवारी खिडक्या उघडाव्या लागतात. फेचं मात्र रिकामं.

"पाच खोल्या," ती मॅरिविकला म्हणाली. "आणि मांजर झोपतं एकाच खोलीत. थांब तू, रविवारी चर्चमध्ये मी तिला गोडीगुलाबीनं विचारते."

मॅरिविकनं पट्टीचं टोक चिकटवलं. पण रविवार शुक्रवारच्या नंतर येतो, एवढं तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती फेकडे गेली. रुग्णाकडे जाताना ती सगळ्यांसारखी मागच्या दारानंच जायची. पण आज ती मागायला निघाली होती, आणि मागायला जाणाऱ्यानं समोरून जावं, चोरासारखं मागून नव्हे, असं तिच्या आईनं तिला शिकवलं होतं. तिनं केस विंचरले, गणवेशाची सुरकुती ओढून सरळ केली, आणि फे प्रिडमच्या पुढच्या दारावर थाप मारली. थांबली. पुन्हा मारली. कुणी येईना. मान खाली घालून ती हळूहळू फाटकाबाहेर आली आणि कामावर निघून गेली.

रस्त्यापलीकडे लहाना डेस बंबाचे टायर तपासत होता. त्यानं पुढचं दार पाहिलं, गणवेश पाहिला, खाली घातलेली मान पाहिली. त्यानं टोपी काढली.

बेकरीवालीला कळायला वेळ लागला नाही, आणि एकदा बेकरीवालीला कळल्यावर इतर कुणाला सांगावं लागत नाही. डेस खिडकीतून डोकावून आला होता. पडदे ओढलेले, फटीतून दिसणारा पलंग आवरलेला. "आत जाऊन बघायचं का?" कुणीतरी विचारलं.

"काय बघायचं?" डेस म्हणाला. "नर्स पुढच्या दारानं गेली होती."

 कॉन्स्टेबल शेजारच्या गावी होता, तो येईपर्यंत दाराला हात लावायचा नाही असं ठरलं. फेचं जवळचं माणूस एकच. तेव्हा सगळे नोलाकडे गेले, अर्थात मागच्या दारानं.

"मिसेस पी," डेस टोपी छातीशी धरून म्हणाला, "बसा जरा."

"बसलेलीच आहे. काय मोडलंस?"

"फे गेली."

नोला गप्प झाली. डेसनं तिला असं गप्प आजवर पाहिलं नव्हतं, त्यामुळे तोच घाबरून खाली बसला. पन्नासाहून जास्त वर्षं ती या बाईशी भांडत आली होती, आणि आता भांडणातलं एक वाक्य तोंडातच राहिलं होतं. तिनं एप्रनला डोळे पुसले. खरेच पुसले.

मग पदार्थ येऊ लागले. खिमा-बटाट्याचा थर, ट्यूनाची मॅकरोनी, पुन्हा ट्यूनाची मॅकरोनी, खोबऱ्यात घोळवलेले चॉकलेटचे केक. भांडी परत मिळावीत म्हणून प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. बायका कुजबुजत बसल्या. "शांतपणे गेली असेल, नाही?" "शांत? फे?" "तेही खरंच."

दुसरा कप चहा पोटात गेला आणि नोलाच्या डोळ्यांसमोर पाच खोल्या उभ्या राहिल्या. तिनं त्या घालवायचा प्रयत्न केला. जाईनात.

"मी म्हणते," ती हुंदका आवरत म्हणाली, "फेचा जीव फार मोठा. तिचं घर नर्सला द्यावं. तिला तेच आवडलं असतं."

"असं कधी म्हणाली होती ती?" बेकरीवालीनं विचारलं.

"मनातल्या मनात."

आता फे कुठे होती? फे पहाटेच पावाच्या गाडीत बसून, कुणाला न सांगता, हॉर्शमला गेली होती. दहा वर्षं लोक पुटपुटत होते, त्याचा तिला अखेर कंटाळा आला होता. दोन्ही कानांत नवी यंत्रं घालून ती त्याच गाडीतून परत येत होती, आणि इंजिनाचा आवाज केवढा असतो याची चालकाकडे तक्रार करत होती. तेवढ्यात चालकाला बेकरीचा फोन आला.

"वाईट झालं," तो फोन ठेवून म्हणाला. "तुमच्या गावात मयत आहे. म्हातारी मिस प्रिडम का मिसेस प्रिडम, नीट कळलं नाही."

"प्रिडम आम्ही दोघीच," फे म्हणाली. "आणि मी इथे बसलेय."

तिनं खिडकीबाहेरच्या गव्हाच्या खुंटांकडे तोंड फिरवलं. "मूर्ख बाई," ती म्हणाली. "मला न सांगता." मग तिनं चालकाला दवाखान्याशी थांबायला लावलं. मॅरिविक नुकती कामावरून सुटत होती. नोला गेली हे ऐकताच ती मटकन पायरीवर बसली. "पण काल तर पाय बरा दिसत होता."

"पायाचं काय घेऊन बसलीस? ऊठ. पबवाला तुम्हाला काढतोय, घर हवंय ना? नोलाचं घे. चार खोल्या आहेत. तिच्या पोरांशी मी बोलते. नोलाचा जीव फार मोठा होता, तिला आवडलं असतं."

गाडी नोलाच्या घराशी आली. रस्त्यावर मोटारींची रांग. फेनं चालकाकडून उरलेले मनुक्यांचे पाव घेतले, कारण मयताच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नसतं. मागे मॅरिविक, डोळे लाल. दोघी मागच्या पायऱ्या चढल्या, आणि दहा वर्षांत पहिल्यांदाच फेला जाळीच्या दारातून आतला शब्द न् शब्द ऐकू आला.

"...आणि मांजर मी ठेवून घेईन," नोला सांगत होती, "पण तो भयंकर गालिचा आधी जाळा."

फेनं जाळी उघडली. "कुठला गालिचा?"

आत एक भांडं पडलं. डेसनं काढलेली टोपी पुन्हा घातली, मग पुन्हा काढली. बेकरीवाली येशूचं नाव घेत खुर्चीला धरून उभी राहिली. 

"तू मेली होतीस," नोला म्हणाली.

"मेली तू होतीस. मी पाव आणलेत."

"तुला ऐकू कसं आलं?"

"मला नेहमीच ऐकू येतं," फे म्हणाली आणि कानावरून केस पुढे घेतले. "माझं घर वाटून टाकलंस? माझी किटली गार व्हायच्या आत?"

"मी दुःखात होते." नोलानं मॅरिविककडे पाहिलं. "आणि हिला इथे कशाला आणलंस तू?"

मॅरिविकला खोटं बोलता येत नसे. "मिस फे म्हणाल्या, तुमचं घर मला मिळेल."

स्वयंपाकघरात कुणीतरी हसू दाबताना खोकलं. नोलानं नणंदेकडे पाहिलं. पहिल्यांदा फेनं नजर चुकवली.

"म्हणजे," लहाना डेस सावकाश म्हणाला, कारण तो सगळंच सावकाश म्हणायचा, "घरं दोन झाली."

सगळं गाव चहाचे कप हातात धरून बसलं होतं. मेलेल्यांच्या वतीनं दिलेला शब्द जिवंतपणी मागे घ्यायचा, तोही इतक्या साक्षीदारांसमोर, हे दोघींपैकी एकीलाही जमणार नव्हतं. नोलानं मॅरिविकचे लाल डोळे पाहिले. मग आपल्या पोटरीवरची तिची पट्टी पाहिली, घट्ट, सरळ, एक सुरकुती नसलेली. आणि थेल्माच्या पांढऱ्या मोटारी आठवल्या.

"माझं घर दवाखान्याला जवळ आहे," ती म्हणाली. "मुलींना शाळाही. घे बाई. पण मी जाऊ कुठे?"

सगळ्यांच्या माना फेकडे वळल्या. फेनं शांतपणे एका कानातलं यंत्र काढून पर्समध्ये ठेवलं. मग दुसरं.

"फे."

"लोक हल्ली पुटपुटतात," फे म्हणाली.

नोलानं तिच्या कानाशी तोंड नेलं आणि एक्स्चेंजच्या जुन्या आवाजात, जो एके काळी मेलबर्नपर्यंत पोचायचा, म्हणाली, "मागची खोली. आणि माझी किटली."

"किटली एकच राहील."

"दोन."

"रेडिओ नाही."

"रेडिओ आहे."

फे पावाचा कागद उलगडत राहिली. "गालिच्याबद्दल एक शब्द काढायचा नाही," ती शेवटी म्हणाली, आणि सुरी मागितली.

शुक्रवारी डेसनं बंबातून नोलाचं सामान तिसऱ्या घरापर्यंत नेलं. पर्थच्या लेकीचा फोन आला, "आई, तू घर सोडलंस?" नोलानं लेकीचाच रडवेला आवाज काढून तिला ते वाक्य परत ऐकवलं आणि म्हणाली, "तुझी खोली आहे तशीच आहे. आता तिच्यात कुणीतरी झोपतं, एवढंच." फ्रिजमध्ये दोघींच्या मयतीचं जेवण होतं. फे म्हणाली, मॅकरोनी तुझ्या वाट्याची. नोला म्हणाली, मेली तू होतीस, तूच खा.

सोमवारी मॅरिविक पट्टी बदलायला आली. खुर्चीवर पाय ठेवून नोला बसली होती. फे शेजारी उभी राहून सूचना देत होती: जरा वर बांध, जरा सैल सोड, पूर्वीच्या नर्सा बघ कशा बांधायच्या. मॅरिविक मान हलवत आपल्या पद्धतीनं बांधत होती. बांधून झालं, कात्री पेटीत गेली. मॅरिविक उठणार, तेवढ्यात फेनं दुसरी खुर्ची ओढली, मोजा खाली सरकवला आणि आपला ठणठणीत पाय वर ठेवला.

"माझाही बघ जरा," ती म्हणाली. "कालपासून काहीतरी होतंय."