ठरावाच्या बाजूने एक हात

“मॅडम, त्याचा हात खाली नका करू. मोजनी बाकी हाय,” म्हात्रे म्हणाले.

उलव्यातल्या माझ्या क्लिनिकमध्ये माझ्या पेशंटला, विनायकला, प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून आणलं होतं. उजवा हात वर, नजर कॅलेंडरवर. म्हात्रे त्याच्या सोसायटीचे सेक्रेटरी. गच्चीवर मोबाइल टॉवर बसवायचा ठराव एका मतावर अडला होता आणि ते मत हवेत होतं.

“शुद्धीवर होता, एवढं सर्टिफिकेट द्या. विरोधी पार्टी ऐकत नाय.”

मी विनायकच्या बायकोला, सुजाताला विचारलं, “पाणी कधी प्यायले?”

“काल सकाळी. गोळ्या स्वतःच बंद केल्यात. कालपासून असेच बसलेत. मी अँब्युलन्सला फोन करत होते, तर हे लोक कोरम भरायला त्यांना खाली घेऊन गेले.”

माझं डोकंच फिरलं.

विनायकला स्किझोफ्रेनिया आहे. लोकांना त्यातले भास आणि संशय तेवढे माहीत असतात. तेव्हा मेंदूतलं डोपामाइन नावाचं केमिकल नको तिथे जोर करतं. पण या आजाराची एक गप्प तऱ्हाही असते, कॅटाटोनिया. माणूस थिजतो, पाणीही गिळत नाही. तसंच चाललं तर जिवावर बेततं. आणि त्याचा हात दुसऱ्याने जिथे ठेवावा, तिथेच राहतो.

“म्हात्रे, यांचा हात वर कोणी केला?”

म्हात्रेंनी पंख्याकडे पाहिलं. “मी फक्त आधार दिला.”

मी लोराझेपामचं इंजेक्शन दिलं. मेंदूला ब्रेक लावणारं गाबा नावाचं केमिकल असतं, त्याला हे औषध बळ देतं. थिजलेल्या माणसाला ब्रेकचं औषध म्हणजे उफराटंच, पण लागू पडतं.

अर्ध्या तासात हात हळूहळू खाली यायला लागला. “अरे, अरे,” करत म्हात्रे पुन्हा आधार द्यायला धावले. त्यांना मी बाहेर बसवलं.

विनायक ग्लासभर पाणी प्यायला. सुजाताला रडू फुटलं.

“सगळं ऐकू येत होतं,” तो सावकाश म्हणाला. “टाळ्यासुद्धा. हात फार दुखत होता.”

ॲडमिट करून गोळ्या पुन्हा सुरू केल्या. तो बरा झाला. पुढच्या मीटिंगला स्वतः चालत गेला आणि स्वतःच्या मर्जीने टॉवरच्या बाजूने हात वर केला. भाडं चांगलं येणार होतं म्हणे.

म्हात्रेंचा लगेच फोन. “बघा मॅडम, मी काय चुकीचा आधार दिलता?”

कोणाचाही हात मोजण्याआधी त्याला पाणी हवंय का, ते विचारावं. म्हात्रेंना हे अजून पटलेलं नाही.